‘काढून देते’

बाईंनी मला या कामात बसवलं, हे आधी सांगते. बाकीचं मग. त्यांचं नाव लिहीत नाही. एक तर त्यांना ते आवडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे नाव या गोष्टीशी माझं जरा वाकडंच आहे, ते पुढं येईलच.

बाई वरोऱ्याच्या. चंद्रपूरला आमच्या ऑफिसात सगळ्यांत जुन्या. रोज सकाळी बसनं यायच्या, आणि डबा असा भरून आणायच्या की तो उघडला की शेजारच्यानं आपला उघडायची गरज नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हटलं. तर म्हणाल्या, "मॅडम नको म्हणू व. मॅडम म्हटलं का मले वाटते माह्या मागं कोणी उभं आहे. बाई म्हण." तेव्हापासून बाई. आज मी कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून पोट भरते, घरी पैसे पाठवते, ते या बाईमुळं. आणि त्यांना माझ्यामुळं एकदा जे ऐकून घ्यावं लागलं, ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

माझं गाव कुरखेड्याच्या पुढं, जंगलात. चंद्रपूरहून नकाशात फार लांब दिसत नाही, पण चांदा फोर्ट स्टेशनवरून गाडी, वडशाला उतरून बस, बसमधून उतरून पायवाट, असं करता करता दिवस जातो, आणि पोचल्यावर वाटतं दुसऱ्या मुलखात आलो. गावात शाळा आठवीपर्यंत होती. पुढची शाळा नाल्यापलीकडं. बाबांनी एक दिवस शाळेत जाऊन माझं नाव काढलं. रागानं नाही, मारून नाही. नाव काढून आले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मी वडशाला मावशीकडं राहायला गेले आणि एका धानगिरणीच्या काट्यावर लागले. ट्रॅक्टर काट्यावर चढला की कॉम्प्युटरवर वजन येतं, त्याची पावती छापून द्यायची. तेच तेच दहादा टाइप करायचा कंटाळा यायचा म्हणून मी एका फाईलमध्ये सगळ्या कमांड एकाखाली एक लिहून ठेवल्या होत्या, एकदा दाबलं की सगळं आपोआप चालायचं. ते सॉफ्टवेअर चंद्रपूरच्या एका छोट्या ऑफिसचं होतं. तिथले मालक दुरुस्तीला आले, त्यांनी ती फाईल पाहिली आणि म्हणाले, येते का चंद्रपूरला?

मालकांना सगळे सर म्हणायचे. त्यांनी विचारलं, किती शिकली? मी म्हटलं, वडशालाच. किती विचारलं तर कुठं सांगितलं. त्यांनीही पुढं विचारलं नाही. म्हणाले, धानाचा सीझन सुरू होईपर्यंत बघू, जमलं तर राहा. इकडं काट्यावर माझ्या जागी दुसरी मुलगी बसलीसुद्धा. म्हणजे जमलं नाही तर परत जायला जागा नव्हती, गावाशिवाय. आणि गावात सांगून आले होते की कंपनीत लागले.

ऑफिसात पाच-सात माणसं. माझ्याशिवाय सगळे इंजिनीअर. पहिल्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोळ्यात खुपत होती: त्यांच्या टर्मिनलच्या खिडक्या रंगीत होत्या. कोणत्या फोल्डरमध्ये आहात ते निळ्यात, काम सर्व्हरवर चढवलं असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल. दोन अक्षरं टाइप केली की पुढचं आपसूक यायचं. माझी खिडकी कोरी. पांढरी अक्षरं, एक डॉलरची खूण, आणि पुढं लुकलुकणारी रेघ, जणू विचारतेय, मग? मला खरोखर वाटायचं, त्यांचे कॉम्प्युटर महागाचे असतील आणि मला नवीन म्हणून साधा दिला असेल. त्यात मला वाईटही वाटलं नाही. बरोबरच आहे, असं वाटलं. मी पूर्ण पूर्ण नावं टाइप करायची, स्पेलिंग चुकायचं, कॉम्प्युटर इंग्रजीत म्हणायचा की असली कमांडच नाही. कोणी मागून गेलं की मी खिडकी लहान करायची.

एक दिवस बाई डबा घेऊन मागं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुह्या खिडकीत काऊन असा अंधार आहे व?"

मी म्हटलं, चालते बाई, सवय आहे. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांनी समजावलं की कॉम्प्युटर सगळ्यांचे सारखेच. फरक आहे सेटिंगच्या फाईलचा. टर्मिनल उघडलं की ते आधी ती फाईल वाचतं आणि मग तसं वागतं. ती फाईल बाईंनी कितीतरी वर्षं जपत, वाढवत आणलेली, आणि आता ती सर्व्हरवर ठेवलेली, सगळ्यांसाठी. सकाळी पहिल्यांदा टर्मिनल उघडलं की नवे बदल आपल्या प्रतीत आपोआप येऊन मिसळतात. कोणी त्यात चांगली भर घातली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मिळते. शिवाय ज्याची त्याची एक वेगळी फाईल असते. ती चढवायची नाही. आपले चोचले त्यात.

मला सांगताना त्यांनी वडशाच्या नाटक कंपन्यांचाच दाखला दिला. पडदे कंपनीचे, रंगाचा डबा कंपनीचा, आरसा मात्र ज्याचा त्याचा. "तू त तिकडचीच हायेस, तुले मी काय सांगू," म्हणाल्या. स्वतः त्यांनी झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या जंगलपट्ट्यातलं नाटक कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकून होत्या. मग त्यांनी दोन ओळी टाइप केल्या आणि माझ्या खिडकीत रंग आले. मी उगीच एंटर दाबत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि रंग बघून रडली असं झालं असतं.

"समजलं का?"

"हो बाई."

अर्धं समजलं होतं. अंगच्या भीतीनं मी सगळ्यालाच हो म्हणायची. ती वेगळी फाईल कशी बनवायची, कुठं ठेवायची, ते माझ्या डोक्यावरून गेलं होतं, आणि परत विचारायची छाती झाली नाही. मी मनाशी म्हटलं, ही जी प्रत माझ्या कॉम्प्युटरवर उतरली आहे ती माझीच ना. आपल्या ताटात वाढलेलं आपलंच असतं.

त्या फाईलमध्ये कमांडला टोपणनाव देता येतं. लांबलचक इंग्रजी ओळीला तुम्ही म्हणाल ते छोटं नाव, इंग्रजी अक्षरांत. इंग्रजी शब्द माझ्या लक्षात राहत नव्हते, ते काय करतात ते लक्षात राहायचं. म्हणून मी हळूहळू माझ्या बोलीतली टोपणनावं भरायला लागले. आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत, त्याला 'कुठी'. फाईल उघडून बघायला 'पाय', म्हणजे पाहा. प्रोग्राम बंद पडला तर शेवटच्या चुका दाखवायला 'काऊन', म्हणजे का. आणि पुसून टाकायला 'काढ'. पुसताना कॉम्प्युटर इंग्रजीत खात्री विचारायचा, आणि प्रश्न आला की मला धडकी भरायची, काय उत्तर द्यावं. म्हणून मी तो प्रश्नच बंद करून टाकला. काढ म्हटलं की काढ.

आणखी एक केलं. टर्मिनल उघडल्याबरोबर एक ओळ दिसावी अशी सोय असते. तिथं मी लिहिलं, "आली का व? जेवली का?" आई दारातून हेच विचारते. कोणी परक्या गावात सकाळी सकाळी हे विचारलं तर बरं वाटतं, कॉम्प्युटरनं का असेना. दुपारी मी कधीकधी खिडकी बंद करून परत उघडायची. नुसतं तेवढ्यासाठी.

मग ते झालं. बाईंनी मला सामायिक फाईलमध्ये एक ओळ वाढवायला सांगितली, नव्या गिरणीच्या फोल्डरकडं जायची जवळची वाट. पहिल्यांदाच माझ्या हातची काही गोष्ट सगळ्यांकडं जाणार होती. मी ती ओळ नीट टाकली, तीनतीनदा वाचली, आणि फाईल चढवली. ओळ एक होती, फाईल अख्खी गेली, माझ्या टोपणनावांसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला गेले होते. परत येते तर ऑफिसात हसणं चाललेलं. नागपूरचा एक जण, आमच्यात सगळ्यांत थट्टेखोर, खुर्ची मागं टाकून म्हणत होता, "अबे, माझी आई कॉम्प्युटरात कधी घुसली? जेवली का विचारते. अन् मी 'जेवली' कवापासून झालो?" दुसऱ्यानं ओरडून सांगितलं की माझ्याकडंही तेच. मग ते फाईल उघडून बसले आणि एकेक टोपणनाव मारून बघायला लागले. नागपूरवाल्यानं इंग्रजी अक्षरांतलं 'काऊन' हिंदी वाचलं. म्हणाला, "मी विचारलं कौन, तर यानं माझ्याच चुकांची यादी दाखवली. बरोबर ओळखते हा."

ते वाईट हसत नव्हते, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, माझी पेटी भर बाजारात उघडली, आणि आतले कपडे लोक हातात धरून बघतायत. ती फाईल मागं घ्यायची कमांड असते हे माहीत होतं, पण ती आठवेना. मी खाली बघून बसले. कोणी विचारलं नाही कोणाचं आहे. विचारायची गरजच नव्हती, बाई सोडल्या तर तसं बोलणारी ऑफिसात मीच होते, आणि फाईलही मीच चढवली होती.

तेवढ्यात बाई आल्या, कानाला फोन. नागभीडच्या गिरणीवाल्यांचा. सीझनच्या आधी त्यांना नवी पावती हवी होती, ओल्या धानाची कपात दाखवणारी, आणि ते काम बाई कितीतरी दिवस करत होत्या. त्यांना नमुना लगेच पाहिजे होता. बाईंनी खांद्यानं फोन दाबून धरला, टर्मिनल उघडलं, ती ओळ वाचली आणि हसल्या. नागपूरवाल्यानं सांगितलं, बाई, नवी भाषा आली आहे, फाईल पाहा. बाईंनी यादीवरून नजर फिरवली, नावांवरूनच, पुढं काय लिहिलंय ते न वाचता. फोनवर बोलणं चालूच होतं.

"थांबा भाऊ, आत्ता काढून देते."

आणि बोलता बोलता त्यांनी टाइप केलं: काढ, आणि पुढं फोल्डरचं नाव.

मी पाहत होते. मला तोंड उघडायला हवं होतं, पण तोपर्यंत बोट एंटरवर गेलं होतं. कॉम्प्युटरनं काही विचारलं नाही. मीच त्याला सांगितलं होतं विचारू नकोस म्हणून.

बाईंनी फोल्डर पाहिलं, नव्हतं. परत पाहिलं. फोनवर गिरणीवाले हॅलो हॅलो करत होते. ऑफिसातलं हसणं एकेक करून बंद पडलं. बाई फोनवर म्हणाल्या, भाऊ, चूक आमच्याकडून झाली, आज नाई होणार. मग त्या फोन धरून नुसत्या ऐकत राहिल्या. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता, शब्द नाही पण चढलेला आवाज. बाई इतकी वर्षं तिथं होत्या, त्यांना असं कोणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. मध्येमध्ये त्या फक्त 'हो भाऊ' म्हणत होत्या. माझ्यासारखंच.

सर आतून बाहेर आले. काय झालं विचारलं. बाईंनी सांगितलं की काम गेलं आणि सर्व्हरवर चढवलेलं नव्हतं. "रोज सगळ्यांच्या डोक्शावर बसते चढवा चढवा म्हणून, आन् मीच चढवलं नाई. वरून न वाचता कमांड मारली." सरांनी फाईल उघडून ती ओळ शोधली. काढ, आणि पुढं पुसून टाकायची कमांड.

"काढ म्हणजे डिलीट? असं कोण म्हणते?"

मी उभी राहिले. सरांनी आरडाओरडा केला असता तर कदाचित बसून राहिले असते, पण त्यांनी खरंच कळत नाही म्हणून विचारलं होतं. माझ्या तोंडून ऑफिसातली भाषा निघेना, घरचीच निघाली.

"आमच्या इथी म्हणतात, सर. शाळेतून नाव काढलं म्हणतात. माह्यं आठवीत काढलं. काढलं का मंग ते परत नाई येत."

हे बोलले आणि कळलं की काय बोलून बसले. शब्दाचा अर्थ विचारला होता, मी माझी शाळा सांगितली. आतापर्यंत जे कोणाला माहीत नव्हतं ते सगळ्यांसमोर, मालकांसमोर. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नागपूरवाला स्क्रीनकडं बघायला लागला, स्क्रीनवर काही नव्हतं तरी.

बाई म्हणाल्या, "आमच्या वरोऱ्यात पोरीनं नाव काढलं म्हंजे पेढे वाटतात व." आणि खुर्चीकडं वळल्या. "ये, बस. एक फाईल अजून एडिटरमधी उघडी आहे. ती सेव्ह करू. बाकीचं मी सांगते, तू टाइप कर. मले आता माह्या हाताचा भरोसा नाई."

तो दिवस आणि पुढचा दिवस त्यांनी आठवून आठवून सांगितलं आणि मी टाइप केलं. बाईंचा डबा पहिल्या दिवशी तसाच परत गेला. मला एक शब्द रागाचा बोलल्या नाहीत, आणि तेच मला सोसत नव्हतं. पावती झाली, नागभीडला गेली, उशिरा. गिरणीवाल्यांनी ती घेतली, पण पुढं फोन आला की ते बाईंना मागायचे नाहीत, सरांना मागायचे. बाईंनी ते कधी बोलून दाखवलं नाही. फोन वाजला आणि सर आत बोलायला लागले की त्या आपल्या कामात जास्तच वाकायच्या. ते मला दिसायचं.

फाईल बाईंनी दुरुस्त केली, मला शेजारी बसवून. माझी वेगळी फाईल बनवून दिली, आणि या वेळी मी न लाजता परत परत विचारलं. सामायिक फाईलमध्ये 'काढ'चा अर्थ बदलला: आता काढ म्हटलं की फोल्डर उघडून समोर येतं. पुसायला 'मिटव' केलं, आणि ते आधी विचारतं, मराठीत, "खरंच मिटवू का?" बाकीची टोपणनावं मी काढून टाकायला निघाले होते, तर नागपूरवालाच म्हणाला की 'काऊन' राहू द्या, सवय झाली. आणि त्याला पुरुषांसाठी वेगळी ओळ पाहिजे. आता त्याचं टर्मिनल विचारतं, "आला का गा? जेवला का?"

एक गोष्ट मात्र मी मागितली. सर्व्हरवर प्रत्येक बदलाची नोंद राहते: काय बदललं, कोणी बदललं. त्या दिवसाच्या बदलापुढं माझं नाव होतं आणि कायम राहणार होतं. उद्या कोणी नवीन येईल, मागचं बघेल, आणि त्याला कळेल की कोणी घोळ घातला. मी बाईंना विचारलं, ती नोंद पुसता येते का. त्या म्हणाल्या, येते, खटाटोप आहे पण येते. मग करता का, मी म्हटलं.

त्यांनी नोंदींची यादी बंद केली.

"एकडाव काढलं ना तुह्यं नाव," त्या म्हणाल्या. "मी नाई काढत."

ती नोंद अजून आहे. कधी काही शोधताना मागं मागं गेलं की ती लागते, आणि लाज वाटते, तेव्हा वाटली तेवढीच. कमी झाली असं म्हटलं तर खोटं होईल. पण तिच्यावर आता माझ्या नावाच्या कितीतरी नोंदी चढल्या आहेत, आणि त्यांच्याखाली ती असते, भिंतीतल्या खालच्या विटेसारखी.

सीझन सुरू झाला. सरांनी मला आत बोलावलं. मी सामान मनातल्या मनात बांधलंच होतं. त्यांनी बाईंना आधीच विचारलं होतं म्हणे, आणि बाईंनी सांगितलं होतं, पोरीले सगळ्यांसमोर चूक सांगता येते, बाकी शिकवता येते. सर म्हणाले, राहा. आणि बाहेरून दहावीचा फॉर्म भर, आम्ही वेळ देऊ. दहावी मी पहिल्या फेरीत नापास झाले, इंग्रजीत. तेही बाईंनाच आधी सांगितलं.

आता बाईंची एकच इच्छा आहे, आणि ती त्या दर थंडीत बोलून दाखवतात. वडशाला जाऊन झाडीपट्टीचं नाटक बघायचं. रात्रभर चालते म्हणतात, मले झोप नाई येणार ना, असं विचारतात आणि वर म्हणतात, यंदा नेतेस का? मी म्हणते, पुढच्या वर्षी, बाई. कारण नाटक बघितलं की माझ्या घरी मुक्काम करावा लागेल. घर म्हणजे दोन खोल्या, न्हाणी म्हणजे बांबूच्या तट्ट्याचा आडोसा. ज्या बाईनं माझं सगळं उघडं पडलेलं पाहिलं आणि झाकलं, तिला माझं घर दाखवायची मला लाज वाटते. हे लिहिताना कळतंय की हा हिशोब कसा उलटा आहे, तरी वाटते.

पण नेईन. दहावीची इंग्रजी निघाली की, किंवा नाही निघाली तरी, एका थंडीत बाईंना चांदा फोर्टवरून गाडीत बसवीन, खिडकीपाशी. नाटकाला पुढच्या रांगेत बसवीन. आणि सकाळी गावात नेईन, दारापर्यंत. आई तट्ट्यामागून हात पुसत येईल, आणि बाईंना जे विचारेल ते त्यांच्या रोज सकाळच्या ओळखीचंच असेल.